संगणक-कक्षाचे नियम व त्यांचीं कारणें



तुमच्यापैकीं जे यंदा शालान्त परीक्षेस बसणार आहेत, ते थोड्याच महिन्यांत पुण्यांतील कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाच्या अकरावीच्या वर्गांत जाऊन बसतील. तेथें पहिल्या आठवड्यांतच तुम्हांस एक खोली दाखविण्यांत येईल. तींत ओळीनें संगणक मांडलेले असतील, दाराशीं एक नोंदवही असेल, आणि भिंतीवर दहाबारा नियमांचा एक छापील तक्ता टांगलेला असेल. तो तक्ता फारसें कोणी वाचीत नाहीं, असा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. याचें कारण मुलांचा व्रात्यपणा हें नव्हे. त्या तक्त्यांत काय करूं नये एवढेंच लिहिलेलें असतें. कां करूं नये हें लिहिलेलें नसतें. ज्या नियमाचें कारण कळत नाहीं तो भीतीनें पाळला जातो, आणि शिक्षक पाठमोरे होतांच मोडला जातो. यास्तव प्रस्तुत पाठांत नियमांपेक्षां त्यांच्या कारणांकडे अधिक लक्ष देण्याचें योजिलें आहे.

१. सामायिक वस्तु म्हणजे काय?

घरचा संगणक एका कुटुंबाचा असतो. महाविद्यालयांतील संगणक सकाळीं एका मुलीचा, दुपारीं दुसऱ्या मुलाचा व सायंकाळीं तिसऱ्याच कोणाचा तरी असतो. अशा वस्तूस आपण सामायिक वस्तु म्हणतों. पुणें शहरास अशा वस्तूंची ओळख फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी भुयारी नळानें शहरांत आणून ठिकठिकाणच्या हौदांत सोडण्यांत आलें. पाणवठा आला कीं त्याचे नियम आलेच. घाणेरडें भांडें पाण्यांत बुडवूं नये, आपलें भरून झालें कीं बाजूस व्हावें, हे नियम कोणीही समंजस माणूस मान्य करील. परंतु त्या काळच्या पाणवठ्यांवर आणखी एका जातीचा नियम असे. तो असा कीं, अस्पृश्य मानलेल्या लोकांनीं पाण्यास शिवूं नये. १८६८ मध्यें जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद या लोकांस खुला केला. या एका कृत्यानें दोन प्रकारच्या नियमांमधील भेद लख्ख दिसून येतो. पाणी सर्वांस पुरावें व स्वच्छ राहावें म्हणून केलेला नियम एक. आणि पाणी कोणास तरी मिळूंच नये म्हणून केलेला नियम दुसरा. पहिला दार उघडें ठेवितो, दुसरा दार बंद करितो.

संगणक-कक्षाच्या प्रत्येक नियमास हीच कसोटी लावावी. रांगेंतील शेवटच्या मुलास या नियमामुळें यंत्र चांगल्या स्थितींत मिळतें काय? मिळत असेल तर तो नियम खरा. कांहीं ठिकाणीं यंत्रें नवीं दिसावींत म्हणून खोलीस वर्षभर कुलूप असतें, आणि तपासणीच्या दिवशीं मात्र आवरणें काढून सर्व पडदे उजळतात. असें कुलूप हा नियम नव्हे; वापरल्यानें यंत्र झिजतें हें खरें, पण न वापरल्यानें तें वायां जातें. ज्याच्या घरीं दोन संगणक आहेत त्यास या कुलपाचें कांहींच वाटत नाहीं. परंतु ज्या घरांत एकच मोबाइल आहे व तोही सकाळीं वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलीस कक्षांतील तो एक तास हाच काय तो संगणक होय. मार्च १९२० नव्हे, तर अगदी परवांच्या मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर भरूं लागले, तेव्हां हा भेद सर्वांच्या डोळ्यांपुढें आला. पुढील सर्व नियम वाचतांना ही मुलगी मनांत ठेवावी, म्हणजे त्यांचा अर्थ आपोआप उलगडेल.

२. वेळ आणि रांग

संगणकाचा वेळ वांटून घेण्याची रीति संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० मध्यें ‘टिफ्रॅक’ हा आपल्या देशांत घडविलेला संगणक काम करूं लागला. त्या काळीं एका संस्थेंत एखादेंच यंत्र असे, आणि अनेक संशोधकांस त्याच्यावर पाळी लावून काम करावें लागे. १९६१ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक युक्ति सिद्ध करून दाखविली. यंत्राचा वेळ अत्यंत लहान तुकड्यांत कापून ते तुकडे अनेक माणसांस आळीपाळीनें द्यावयाचे. यंत्र इतकें वेगवान कीं प्रत्येकास तें आपलेंच वाटावें.

आपल्या पुण्यांतही हेंच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसतें. परदेशी महासंगणक मिळण्यांत अडचणी आल्यामुळें १९८८ मध्यें येथें ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली, व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें तिनें ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्याची रचना मनांत ठेवण्यासारखी आहे. एकच प्रचंड यंत्र बांधण्याऐवजीं अनेक लहान गणक एकमेकांस जोडून त्यांच्यांत काम वांटून दिलें होतें. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत २०१८ मध्यें ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला. पावसाचे अंदाज बांधण्यास लागणारें अवाढव्य गणित अशा यंत्रांवर होतें. अशा महासंगणकांवर शास्त्रज्ञांचीं कामेंही रांगेंत उभीं राहतात व पाळी आल्यावर पुरीं होतात. जेथें शास्त्रज्ञ रांग लावितात, तेथें आपण रांगेचा कंटाळा करण्याचें कारण नाहीं.

यावरून पुढील नियम निघतात. नोंदवहींत नांव, यंत्राचा क्रमांक, येण्याची व जाण्याची वेळ स्वतः लिहावी. वेळ राखून ठेविली आणि येणें झालें नाहीं तर आधीं कळवावें. रिकामी खुर्ची ही दुसऱ्याची बुडालेली शिकवणी होय. काय करावयाचें तें कागदावर लिहून मगच यंत्रापुढें बसावें. ज्यानें निबंधाचा आराखडा घरीं केला आहे त्यास पाऊण तास पुरतो. ज्यानें केला नाहीं त्यास दोन तासही पुरत नाहींत. खेळ, चित्रपट व गप्पा हीं पापें नव्हेत. परंतु दाराशीं कोणी प्रकल्प घेऊन उभें असतां त्यांस या खोलींत जागा नाहीं.

३. संकेतशब्द

संगणकास चेहरा ओळखण्याचें शिकविलें नसेल तर पुढें कोण बसलें आहे हें तो जाणत नाहीं. तो केवळ संकेतशब्द जाणतो. बरोबर शब्द देणारा तोच मालक, असें तो समजतो. या दृष्टीनें संगणक हा शिपाई नसून कुलूप आहे. किल्ली कोणाच्या हातीं आहे हें कुलूप विचारीत नाहीं.

वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेंत वेळ वांटण्यासाठींच प्रत्येकास संकेतशब्द देण्यांत आले होते. १९६२ मध्यें तेथील ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्यास मिळणारा चार तासांचा वेळ अपुरा वाटूं लागला. त्यानें एक भोक पाडलेलें कार्ड यंत्रास देऊन सर्वांच्या संकेतशब्दांची यादीच छापून घेतली, आणि दुसऱ्यांच्या नांवावर काम करूं लागला. पुष्कळ वर्षांनीं त्यानें ही गोष्ट स्वतःच सांगितली. ही गोष्ट हंसण्यावारी नेली जाते. पण दोन धडे तींत आहेत. पहिला असा कीं, संकेतशब्द निघाले आणि थोड्याच काळांत त्यांची चोरीही निघाली. दुसरा असा कीं, चोरलेली वस्तु पैसा नव्हती. ती दुसऱ्या विद्यार्थ्यांचा वेळ होती.

चांगला संकेतशब्द कसा करावा हें थोड्या गणितानें कळेल. चार अंकांचा संकेतांक घेतला तर एकंदर १०,००० शक्यता होतात; यंत्राच्या साह्यानें त्या तपासण्यास क्षणही लागत नाहीं. इंग्रजी लहान लिपीचीं आठ अक्षरें कशींही घेतलीं तर २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारें २०,८८२ कोटि शक्यता होतात. बारा अक्षरें घेतलीं तर ती संख्या सुमारें ९५४ कोटि-कोटि होते. प्रत्येक वाढीव अक्षरानें चोराचें काम सव्वीसपट होतें. अर्थात् हें गणित अक्षरें मनमानी असतील तरच खरें. स्वतःचें नांव, जन्मतारीख, आडनांवापुढें १२३ असले शब्द चोर सर्वांत आधीं तपासतो. एकमेकांशीं संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेला लांब शब्द लक्षांतही राहतो व अवघडही असतो. प्रत्येक ठिकाणीं निराळा संकेतशब्द असावा. तो जिवलग मित्रासही सांगूं नये. यांत अविश्वास नाहीं. उद्यां कांहीं विपरीत घडलें तर त्या मित्रावर संशय येऊं नये, हाच त्यांतील स्नेह होय.

काम संपतांच ‘लॉग-आउट’ करावें. पडदा विझविणें म्हणजे लॉग-आउट नव्हे. तें दिवा मालवून दार उघडें टाकण्यासारखें आहे. सामायिक यंत्रावर ‘संकेतशब्द लक्षांत ठेवूं काय?’ असें विचारलें जातें, तेव्हां सदैव नकार द्यावा. आणि तुम्ही बसलां त्या यंत्रावर आधींच्या विद्यार्थ्याचें पत्र उघडें राहिलेलें दिसलें तर? वाचूं नये, त्याच्या नांवानें थट्टेचा मजकूर पाठवूं नये. तत्काळ तें खातें बंद करून त्यास अथवा कक्ष-साहाय्यकास कळवावें. दुसऱ्याचा संकेतशब्द अप्रामाणिकपणें वापरणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या (२०००) कलम ६६-क, म्हणजे इंग्रजी ‘सी’, खालीं गुन्हा आहे. २००८ च्या दुरुस्तीनें आलेल्या या कलमांत तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. थट्टा म्हणून केलें, ही सबब तेथें फार दूर जात नाहीं.

४. पाटी आणि वही

संगणकास दोन प्रकारची स्मृति असते. एक पाटीसारखी, दुसरी वहीसारखी. तुम्ही लिहीत असतां मजकूर आधीं पाटीवर उमटतो. ही पाटी फार जलद, परंतु वीज गेली कीं कोरी होते. ‘सेव्ह’ करणें म्हणजे पाटीवरील मजकूर वहींत उतरून घेणें. वीज गेली तरी वही तशीच राहते. यावरून, दर दहा मिनिटांनीं सेव्ह करावें, हा नियम कां केला तें कळेल. पुण्यांत वळवाचा पाऊस आला कीं वीज जाण्यास वेळ लागत नाहीं. कक्षांत विजेची बॅटरी असली तरी ती काम आटोपून यंत्र नीट बंद करण्यापुरती असते, काम पुढें चालविण्यासाठीं नव्हे. वहींत लिहिणें चालू असतां मध्येंच कळ दाबून यंत्र बंद केलें तर पान अर्धवट राहतें, व कधीं कधीं सबंध वहीच उघडेनाशी होते. म्हणून यंत्र आज्ञा देऊनच बंद करावें.

महत्त्वाच्या कामाची प्रत एकाच ठिकाणीं असूं नये. एक कक्षांतील यंत्रावर, एक स्वतःजवळ व एक इंटरनेटवरील आपल्या खात्यांत असावी. सामायिक यंत्रावरील फाइली साफसफाईच्या वेळीं पुसल्या जातात, हें गृहीत धरूनच चालावें.

यंत्राच्या शरीराविषयींचे नियम थोडक्यांत सांगतों. चहा, पाणी व खाऊ बाहेर ठेवावा. कळफलकांत सांडलेला गोड चहा वाळल्यावर कळा चिकटतात. पावसाळ्यांत ओली छत्री व रेनकोट दाराबाहेर असावा, कारण जमिनीवर विजेच्या तारा असतात. यंत्रास हवा घेण्यासाठीं जीं छिद्रें असतात त्यांवर दप्तर टेकवूं नये. आंतील उष्णता कोंडली कीं यंत्र मंद होतें व शेवटीं बंद पडतें. पडद्यास बोट लावून दाखवूं नये. आणि यंत्राबरोबर स्वतःच्या शरीरासही जपावें: पाठ टेंकून बसावें, पडदा हातभर दूर व डोळ्यांच्या किंचित् खालीं असावा, आणि दर वीस मिनिटांनीं खिडकीबाहेरच्या झाडाकडे थोडा वेळ पाहावें.

५. बिघाड व नोंदवही

यंत्र बिघडलें कीं विद्यार्थी सामान्यतः दोहोंपैकीं एक गोष्ट करितो: गुपचूप उठून दुसऱ्या यंत्रावर जातो, किंवा तारा उपटून स्वतःच दुरुस्ती आरंभितो. दोन्ही चूक. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांत ‘मार्क दोन’ या गणकयंत्रावर काम करणाऱ्यांस एका विद्युत्-कळेच्या फटींत अडकलेला पतंग सांपडला. त्यांनीं तो फेकून दिला नाहीं. नोंदवहींत चिकट पट्टीनें चिकटविला, शेजारीं वेळ लिहिली, आणि शोध लागल्याची एक ओळ लिहिली. तें पान अमेरिकेंतील स्मिथसोनियन संग्रहालयांत आजही जपून ठेविलें आहे. यंत्रांतील दोषास किडा म्हणण्याची चाल त्यापूर्वींचीच होती. येथें खराच किडा सांपडला इतकेंच. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे तो किडा नव्हे, ती नोंद.

बिघाडाची नोंद अशी असावी: तारीख व वेळ, यंत्राचा क्रमांक, त्या क्षणीं आपण काय करीत होतों, पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा. ‘यंत्र चालत नाहीं’ एवढें लिहिणें म्हणजे डॉक्टरांस ‘बरें नाहीं’ एवढेंच सांगण्यासारखें आहे. आपल्या हातून कांहीं मोडलें असेल तर तेंही लिहावें. आणि शिक्षकांनींही, खरें सांगणाऱ्या मुलास प्रथम शाबासकी द्यावी व दुरुस्तीचें मागाहून पाहावें. ज्या कक्षांत खरें सांगणाऱ्यास दंड होतो, तेथील नोंदवही कोरी राहते व यंत्रें मात्र बंद पडतात.

६. पेनड्राइव्ह आणि संसर्ग

पेनड्राइव्ह दहा यंत्रांस लागतो व दहा यंत्रांचा रोग घेऊन अकराव्यास देतो. म्हणून तो आधीं तपासून मगच उघडावा. वाटेंत सांपडलेला कधींही लावूं नये. परवानगीवांचून कोणतीही आज्ञावली यंत्रावर घालूं नये. चोरून उतरविलेल्या फुकट आज्ञावलींत रोगाची आज्ञावली दडलेली असण्याचा संभव मोठा असतो.

येथें एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगणें योग्य होईल. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यानें एक आज्ञावली जाळ्यांत सोडली. यंत्रांचें नुकसान करण्याचा आपला हेतु नव्हता, असें त्याचें म्हणणें होतें. पण ती त्याच्या अपेक्षेपेक्षां फार वेगानें वाढली आणि तेव्हांच्या अंदाजाप्रमाणें सुमारें सहा हजार यंत्रें तिच्यामुळें मंदावलीं अथवा बंद पडलीं. न्यायालयानें त्यास १९९० मध्यें दोषी ठरविलें. तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा व दंड अशी शिक्षा झाली. सामायिक वस्तूवर प्रयोग करणाऱ्याचा हेतु कितीही निर्मळ असो, परिणाम मात्र सर्वांस भोगावा लागतो.

हेतु दुष्ट असला म्हणजे काय होतें, हें आपल्याच शहरानें पाहिलें आहे. १९०६ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक-व्यवस्थेंत ऑगस्ट २०१८ मध्यें दुष्ट आज्ञावली शिरविण्यांत आली. बनावट कार्डांच्या साह्यानें भारतांत व २८ देशांत यंत्रांतून पैसे काढण्यांत आले, आणखी रक्कम परदेशीं वळविण्यांत आली. दोन दिवसांत सुमारें ९४ कोटि रुपये गेले. चोर बँकेच्या दाराशीं आलेही नव्हते. जोडलेल्या यंत्रांमध्यें भिंत नसते, दार असतें. आणि तें दार आंतून उघडें राहिलें तर तिजोरी कितीही जाड असून उपयोग नाहीं, हें यावरून समजावें.

७. मराठी लिहावयाचें तर

मराठी विद्यार्थ्यानें मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहावा, ही गोष्ट आम्हांस पटत नाहीं. बहुतेक संगणकांत मराठी लिहिण्याची सोय आधींच असते. ती चालू कशी करावी हें कक्ष-साहाय्यकास विचारावें. येथेंही नियमाचें मूळ तेंच आहे: आपण लिहिलेलें पुढच्यास वाचतां आलें पाहिजे.

संगणक अक्षर जाणत नाहीं. तो क्रमांक जाणतो. पूर्वीं मराठीचे जे फाँट निघाले, त्यांपैकीं पुष्कळांनीं इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकृति बसविल्या होत्या. त्यामुळें तो फाँट नसलेल्या यंत्रावर सबंध मजकूर अर्थहीन चिन्हांचा ढीग होऊन दिसे. १९९१ मध्यें ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति निघाली, आणि देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. त्यांत ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६. पुण्यांतील असो वा परदेशांतील, कोणत्याही यंत्रावर हा क्रमांक बदलत नाहीं. म्हणून महाविद्यालयांत द्यावयाचें प्रत्येक मराठी काम युनिकोडमध्येंच लिहावें.

कळफलकाच्या अनेक पद्धति आहेत. त्यांपैकीं सरकारनें प्रमाण मानलेली ‘इनस्क्रिप्ट’ शिकावी, असें आम्ही सुचवितों. तिची रचना आपल्या वर्णमालेवरच झाली आहे. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताकडे. एकाच कळेवर क आणि ख. नुसती दाबली तर क, ‘शिफ्ट’सह दाबली तर ख. ग-घ, च-छ, ट-ठ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ या जोड्याही तशाच. स्वराची कळ नुसती दाबली तर काना-मात्रा, शिफ्टसह दाबली तर पूर्ण स्वर. जोडाक्षरासाठीं दोन व्यंजनांमध्यें हलन्त द्यावा. उदाहरणार्थ, ‘पुण्यांत’ हा शब्द प, उकार, ण, हलन्त, य, काना, अनुस्वार, त या क्रमानें लिहावा. जुन्या मराठी टंकयंत्रावर पहिली वेलांटी आधीं मारावी लागे. येथें उच्चाराच्या क्रमानें आधीं व्यंजन व मग वेलांटी येते. रोज वीस मिनिटें सराव केला तर हात हळूहळू आपोआप वळूं लागतो, आणि ज्यानें मराठींत कळफलक शिकला त्यास इतर भारतीय लिप्यांचाही शिकणें सोपें जातें, कारण रचना तीच आहे.

८. दुसऱ्याचें लेखन

संगणकावर दोन कळांनीं सबंध पान उतरून घेतां येतें. या सोयीमुळें चोरी चोरी वाटेनाशी होते. नियम असा: दुसऱ्याचें वाक्य घेतलें तर अवतरणचिन्हांत घालावें व कोणाचें तें सांगावें, विचार घेतला तर आपल्या शब्दांत मांडून त्याचेंही ऋण मान्य करावें. अलीकडे यंत्रास प्रश्न विचारिला असतां तें सुबक निबंधही लिहून देतें. त्याचा उपयोग शंका विचारण्यास, कठीण उतारा समजावून घेण्यास अवश्य करावा, शिक्षकांची मुभा असेल तेथें व तेवढा. परंतु हें यंत्र चुकीची गोष्टही बरोबर गोष्टीइतक्याच आत्मविश्वासानें सांगतें. सन, आंकडा, नांव हीं ग्रंथांत पडताळून पाहावींत. आणि ज्या निबंधाचें एकही वाक्य आपणांस समजावून सांगतां येत नाहीं, त्याखालीं आपलें नांव घालूं नये.

उपसंहार

उठण्यापूर्वीं पांच गोष्टी पाहाव्यात: काम सेव्ह झालें काय, खातें बंद केलें काय, पेनड्राइव्ह व कागद घेतले काय, खुर्ची आंत सरकविली काय, नोंदवहींत वेळ लिहिली काय. यास एक मिनिट लागतें. या मिनिटाचा लाभ आपणांस होत नाहीं. तो आपल्यामागून येणाऱ्यास होतो. तद्वत् आपण येण्यापूर्वीं कोणी तरी तें मिनिट आपल्यासाठीं खर्च केलेलें असतें, व त्याचें नांव आपणांस ठाऊक नसतें. सामायिक वस्तूचा सर्व व्यवहार या न दिसणाऱ्या देण्याघेण्यावर चालतो. तुम्ही महाविद्यालयांत जाल तेव्हां भिंतीवरचा तक्ता एकदां तरी शांतपणें वाचा. आणि त्यांतील एखादा नियम दार उघडें ठेवणारा नसून दार बंद करणारा आहे असें वाटलें, तर तो गुपचूप मोडूं नका. नम्रपणें प्राचार्यांपुढें मांडा. नियम पाळणें हें जसें विद्यार्थ्याचें कर्तव्य, तसेंच तो सुधारण्याचा आग्रह धरणें हेंही होय.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. दार उघडें ठेवणारा नियम व दार बंद करणारा नियम यांतील भेद आपल्या शाळेंतील एकेका उदाहरणानें स्पष्ट करा.
२. पांच अंकांच्या संकेतांकाच्या शक्यता किती? सहा इंग्रजी लहान अक्षरांच्या किती? कोणत्या अधिक व कितीपट?
३. ‘विद्यार्थी’ हा शब्द इनस्क्रिप्ट पद्धतीनें कोणत्या क्रमानें लिहाल?
४. पाटी व वही या दृष्टान्तानें, अचानक वीज गेली असतां काय हरवतें व काय राहतें, तें सांगा.
५. ॲलन शेर व रॉबर्ट मॉरिस यांच्या कृत्यांत साम्य कोणतें व भेद कोणता?
६. आपल्या शाळेंतील एखादें यंत्र बिघडलें आहे असें समजून नोंदवहींतील चार ओळींची नोंद लिहा.